एकाच घरात वाढलो दोघं, मग आजार मलाच का? (लहानपण, बायपोलर आणि 'रेझिलियन्स')

निळी_शाई

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३४. चार वर्षांपूर्वी बायपोलर टाइप २ (मूड कधी जरा जास्तच वर, तर कधी खोल खाली जातो तो आजार) असं निदान झालं, त्याच्या आधी सहा वर्षं नुसतं डिप्रेशन म्हणूनच औषधं चालू होती आणि मधूनच यायचे ते 'छान दिवस' म्हणजे मी बरी झाले असं मला आणि सगळ्यांनाच वाटायचं. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) सुरू झाल्यापासून बरीच स्थिर होते, पण गेल्या दोन महिन्यांत परत खाली गेलेय. उठवत नाही, बोलवत नाही, ते सगळं इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तर मुद्दा असा की माझ्या थेरपिस्टनी मागच्या आठवड्यात दोन फॉर्म भरायला दिले. एक २८ प्रश्नांचा, लहानपणाबद्दल. घरात कुणी अपमान करायचं का, मारायचं का, आपलं कुणी आहे असं वाटायचं का, असे प्रश्न. दुसरा २५ प्रश्नांचा, रेझिलियन्सचा, म्हणजे संकटातून तुम्ही किती सावरता वगैरे. पहिल्यात माझे मार्क भरपूर आले आणि दुसऱ्यात फारच कमी. बाईंनी नीट समजावून सांगितलं की हे काही पास-नापास नाही, पण मी घरी येऊन रात्रभर तेच घोळवत बसले.

आमच्या घरी वडिलांचा राग होता. नुसतं 'राग होता' एवढं लिहिलं तरी हात थरथरतो. जिन्यात पावलं वाजली की ती कशी वाजतायत त्यावरून मला कळायचं आज काय होणार ते. आई गप्प बसायची. मार मलाच जास्त बसायचा पण मारापेक्षा जे बोलायचे ते अजून आहे डोक्यात, त्यांच्याच आवाजात आहे.

आणि माझा भाऊ, दोन वर्षांनी लहान, तोच जिना तीच पावलं तेच घर, तो ठणठणीत आहे! नोकरी, संसार, मुलगी, हसतो-खेळतो. लहानपणी बाहेरच्या खोलीत आरडाओरडा चाललेला असायचा आणि हा आत बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणत असायचा, तेराचा पाढा, परत परत. त्याला काही कळायचंच नाही की तो मनाला लावून घ्यायचा नाही, माहीत नाही. आमची आत्या म्हणते, 'तू पहिल्यापासूनच हळवी, तो खंबीर.' आता फॉर्मनंही तेच सांगितलं असं वाटायला लागलंय.

माझे प्रश्न असे. लहानपणामुळंच मला हा आजार झाला का? मग त्याला का नाही झाला? आणि ज्याच्याकडं रेझिलियन्स मुळातच नाही त्याला तो नंतर कधी येतो का? की जे त्या वयात घडलं नाही ते घडलंच नाही? थेरपीत आता ते सगळं उकरून काढायचं की नाही हेही ठरत नाहीये. ज्यांनी हे भोगलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, समजूत काढू नका.

---

सावकाश

क्लिनिकल सायकॉलॉजीत बरीच वर्षं काम करतेय. तुमची केस मला माहीत नाही, तेव्हा तुमच्या थेरपिस्टचा शब्द माझ्यावरचा.

आधी त्या दुसऱ्या फॉर्मबद्दल, कारण रात्रभर जागायला लावलं ते त्यानं. २५ प्रश्नांचा म्हणजे बहुतेक २००३ साली आलेली कॉनर-डेव्हिडसन स्केल असणार. ती 'गेल्या महिन्याभरात' तुम्हाला कसं वाटलं ते विचारते. तुम्ही दोन महिने डिप्रेशनमध्ये आहात. बदल झाला तर जमवून घेता येतं का, अडथळे आले तरी ध्येय गाठता येईल असं वाटतं का, असं डिप्रेशनमधल्या माणसाला विचारलं तर ते काय सांगणार? तापात वजन उचलायला लावून 'ही अशक्त आहे' म्हणण्यासारखं झालं. तो आकडा आजच्या एपिसोडचा, म्हणजे आजाराच्या या फेऱ्याचा, फोटो आहे असं समजा. तुम्ही दहा वर्षं गोळ्या घेताय, फॉर्म भरताय, इथं येऊन एवढं नीट लिहिताय, यातलं काहीच त्या २५ प्रश्नांत येत नाही.

आता लहानपणामुळंच झालं का. बायपोलरमध्ये अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण ६० ते ८० टक्के असा येतो. नुसत्या डिप्रेशनमध्ये बराच कमी, ३५-४० च्या आसपास. म्हणून 'वडिलांनी मारलं आणि बायपोलर झालं' अशी सरळ रेघ मारता येत नाही. पण लहानपणाचा संबंध नाही असंही अजिबात नाही. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब निघाला होता, त्यात बायपोलर असलेल्यांमध्ये लहानपणी छळ किंवा हाल झाल्याचं सांगण्याची शक्यता बाकी लोकांच्या अडीच पटीहून जास्त निघाली, आणि सगळ्यात ठळक संबंध कशाचा होता माहितीये का, मारहाणीचा नाही, भावनिक छळाचा. जवळजवळ चौपट. टोचून बोलणं, नकोसं करणं, सतत हिणवणं. तुम्ही लिहिलंत ना, की मारापेक्षा बोललेलं जास्त राहिलं. तो तुमचा हळवेपणा नाही.

लहानपणचे असे अनुभव आजाराच्या स्वभावावरही परिणाम करताना दिसतात. आजार लवकर सुरू होणं, एपिसोड जास्त, जोडीला अँग्झायटी, स्वतःला संपवण्याचे विचार जास्त. डिप्रेशनमध्येही, २०१२ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, लहानपणी छळ झालेल्यांमध्ये आजार परत परत येण्याची किंवा रेंगाळण्याची शक्यता साधारण दुप्पट दिसली. तुम्ही समजूत काढू नका म्हणालात म्हणून हे लिहिलं. याचं एक कारण असं सांगतात की शरीराची धोका ओळखणारी यंत्रणा, मेंदूपासून ॲड्रिनल ग्रंथींपर्यंतची जी साखळी कॉर्टिसॉल सोडते ती, लहान वयात सतत ताणलेली राहिली तर पुढं छोट्या ताणालाही मोठं उत्तर द्यायला लागते. दुसऱ्याला जो धक्का सोसतो त्याच्या निम्म्या धक्क्यालाही असा माणूस खाली जाऊ शकतो. जिन्यातली पावलं ओळखणारा कान मोठेपणी बंद होत नाही, एवढंच.

भावाचं. एका घरात वाढलेली दोन मुलं एका घरात वाढलेली नसतात. मोठी मुलगी कोण, मार कुणाला जास्त, दोघांमधलं दोन वर्षांचं अंतर, कुणाच्या वाट्याला कुठली जनुकं आली, आणि अजून एक फार महत्त्वाचं, कुणाच्या पाठीशी कोण उभं होतं. हवाईमधल्या काउआई बेटावर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळीस वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला. त्यातली जवळपास एक तृतीयांश मुलं गरिबी, भांडणं, आईवडिलांचं व्यसन नाहीतर मानसिक आजार अशा घरांतली होती. त्यांतलीही एक तृतीयांश चांगली सावरली. सावरलेल्यांच्या आयुष्यात आईवडील नाही तर नाही, पण निदान एक तरी जीव लावणारं माणूस होतं, आजी, मोठी बहीण, शिक्षक, कुणीही. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे: अठराव्या वर्षी ज्यांचं पार बिनसलेलं होतं त्यांच्यातलीही बरीच जणं तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागली होती. चांगला जोडीदार, परत शिक्षण, आपल्या माणसांचा गोतावळा, अशा गोष्टींतून. तेव्हा त्या वयात घडलं नाही म्हणजे संपलं, असं निदान तिथं तरी दिसलं नाही.

---

मुक्कामपोस्ट

ताई, मी ५२ वर्षांचा आहे. डिप्रेशनचे पाच मोठे एपिसोड झालेत. सावकाश यांनी लिहिलंय ते बरोबरच असणार पण मला त्या रेझिलियन्स शब्दावरच बोलायचंय कारण त्या शब्दानं माझं फार नुकसान केलंय.

मी सगळ्यात मोठा मुलगा. वडील प्यायचे, आई अंथरुणाला. अकराव्या वर्षापासून धाकट्या दोघांचं सगळं मी बघायचो आणि अख्खं गाव मला म्हणायचं काय खंबीर पोरगं आहे, डोळ्यात टिपूस नाही. कौतुक व्हायचं हो. मग मी ठरवूनच टाकलं की आपण रडायचं नाही, आपल्याला कुणाची गरज पडत नाही. पहिला एपिसोड तेविसाव्या वर्षी आला आणि मी डॉक्टरकडं गेलो सदतिसाव्या वर्षी. चौदा वर्षं! कारण खंबीर माणूस डॉक्टरकडं जातो होय? ज्या चिवटपणानं लहानपणी तगवलं त्यानंच मोठेपणी गळा धरला. मधल्या काळात लग्न मोडता मोडता राहिलं, मुलं माझ्याशी बोलायला घाबरायला लागली, आणि ते माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी गेलो, स्वतःसाठी नाही.

त्यामुळं तुमच्या आत्याबाईंना सांगा, खंबीर दिसणं म्हणजे बरं असणं नसतं. आणि तुम्ही दहा वर्षं उपचार घेताय म्हणजे माझ्यापेक्षा फार लवकर हुशारी केलीत.

ते एका माणसाचं मात्र पटलं. आमच्या शाळेत लायब्ररीच्या बाई होत्या. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही, घरी काय चाललंय वगैरे एक अक्षर नाही. पण शाळा सुटल्यावर त्या अर्धा तास उशिरा कुलूप लावायच्या आणि खिडकीजवळची एक खुर्ची माझी असायची, तिथं दुसरं पोर बसलं तर त्याला उठवायच्या. एवढंच. अर्धा तास. थेरपिस्टनी जेव्हा विचारलं की लहानपणी सुरक्षित कुठं वाटायचं तेव्हा माझ्या तोंडून एकदम ती खुर्चीच आली आणि मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा रडलो. बाई आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं याचं वाईट वाटतं.

---

धुकं

मध्येच विचारते, माफ करा. मी नेटवर तो लहानपणच्या वाईट अनुभवांचा दहा प्रश्नांचा स्कोअर काढला, दहापैकी ७ आला आणि खाली लिहिलं होतं की ४ च्या वर म्हणजे हाय रिस्क. तेव्हापासून पोटात गोळा आहे. आणि दुसरं म्हणजे माझी आई म्हणते असलं काही झालंच नव्हतं, तू आजारामुळं वाईट तेवढंच आठवतेस. आता मलाच कळेनासं झालंय की खरं काय.

---

सावकाश

धुकं, त्या स्कोअरचा उगम १९९८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात आहे, फेलिटी आणि अँडा यांचा. पूर्ण अभ्यासात १७ हजारांवर प्रौढ लोक होते. लहानपणी जितक्या प्रकारचे वाईट अनुभव जास्त तितकं पुढं डिप्रेशन, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त, असं त्यात दिसलं आणि ते फार मोलाचं काम आहे. पण ते हजारो लोकांच्या गटाबद्दल खरं आहे. एका माणसाचं भविष्य त्यातून काढता येत नाही, हे अँडा यांनी स्वतःच २०२० मध्ये लिहिलंय, कारण लोक तो आकडा भलतीकडंच वापरायला लागले होते. त्यात एक प्रकार एकदा घडला काय आणि दहा वर्षं रोज घडला काय, मार्क एकच. तुमचं वय काय होतं, तुमच्या बाजूनं कोण होतं, हे तो विचारतच नाही. बंद करा ते पान.

आठवणींचं अवघड आहे, पण लिहिते. मूड खाली असला की वाईट आठवणी आधी वर येतात हे खरं आहे. आणि मुलं लहान असतानाच केलेल्या नोंदी आणि मोठेपणी त्यांनीच सांगितलेलं हे दोन्ही ताडून बघितलं तर मेळ फार कमी बसतो, २०१९ च्या एका आढाव्यात हे स्पष्ट दिसलं. यावरून कुणी म्हणेल की मग माणसं खोटं बोलतात. तसं नाही. ज्यांच्याबाबत नोंद झाली त्यातले बरेच जण सांगत नाहीत, आणि ज्यांनी सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांची नोंद कुणी घेतलेलीच नसते, बंद दारामागचं कोण नोंदवणार? पुढच्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नंतरच्या मानसिक त्रासाशी जास्त जुळतो तो माणसाच्या स्वतःच्या अनुभवाचा धागा, कोर्टातल्या नोंदीचा तेवढा नाही. म्हणून थेरपीत तारीख-वार सिद्ध करायचे नसतात. आईनं मान्य करेपर्यंत थांबायचीही गरज नाही. मात्र कुणी थेरपिस्ट 'तुला आठवत नसेल पण नक्की काहीतरी झालं असणार' असं म्हणून आठवणी उकरायला लागला तर तिथून उठा, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल सांगतेय.

---

दुसरा_भाऊ

मी शक्यतो इथं लिहीत नाही. माझ्या बहिणीला बायपोलर आहे म्हणून वाचतो. पण निळी_शाई ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही कारण मी तो 'ठणठणीत' भाऊ आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तसलाच.

आमच्याकडंही हेच बोलतात. ती हळवी, हा बिनधास्त. मी कधी काही बोललो नाही कारण ते सोयीचं होतं. खरं काय ते मला माहितीये. आवाज चढले की ताई मला आतल्या खोलीत ढकलायची, दार लावायची आणि स्वतः दाराबाहेर उभी राहायची. वय असेल तिचं नऊ-दहा. मला जे लागलं नाही ते तिला लागलं म्हणून लागलं नाही. लोक म्हणतात मी कणखर. कणखर काय, माझ्यापुढं एक भिंत होती आणि ती भिंत नऊ वर्षांची होती.

आणि ठणठणीत पण नाहीये मी. ऑफिसात कुणी आवाज चढवला, माझ्यावर नाही दुसऱ्यावर, तरी माझे हात बधिर होतात, समोरचं बोललेलं ऐकू येत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, बायकोशी एकदाही भांडलो नाही, ती म्हणते भांड तरी, तुला काय वाटतं ते मला कळत नाही. याला कुठलं निदान नाही म्हणून मी बरा.

ताईला हे मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, ती ॲडमिट होती तेव्हा. ती म्हणाली मला वाटायचं तुला आठवत नसेल. आम्ही दोघं बराच वेळ नुसते बसून होतो.

तुम्ही तुमच्या भावाला विचारलंय का कधी? आत्याला नाही, त्याला. तो बिनधास्त आहे हे त्यानं सांगितलंय की बाकीच्यांनी?

---

रात्रपाळी

तुला अगं-तुगं करते, वयानं बरीच मोठी आहे. मानसोपचार वॉर्डात नर्स म्हणून २६ वर्षं झाली. उकरायचं की नाही एवढ्यावरच लिहिते, बाकी वर छान लिहिलंय सगळ्यांनी.

आत्ता नको. म्हणजे कधीच नको असं नाही, पण आत्ता तू खाली आहेस तर आधी वर ये. खड्ड्यात उभं राहून अजून खणायचं नसतं. मी किती जणांना बघितलंय, एपिसोड चालू असताना कुणीतरी हौसेनं सगळं बोलायला लावतं आणि रात्री वॉर्डात ते माणूस सैरभैर होतं. चांगले थेरपिस्ट आधी झोप, औषधं, घाबरायला झालं की स्वतःला कसं जमिनीवर आणायचं, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, हे बसवून घेतात आणि मग हळूहळू आत शिरतात, एका वेळी थोडं, आणि सेशन संपायच्या आधी परत बाहेर आणतात. ईएमडीआर (डोळे हलवत आठवणींवर काम करायची थेरपी) म्हण, ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी) म्हण, पीटीएसडीला (भयंकर अनुभवानंतर रेंगाळणाऱ्या त्रासाला) या दोन्हीचा उपयोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१३ मध्ये सांगितलंय, पण बायपोलरवाल्याला मूड स्थिर असताना आणि सायकियाट्रिस्टला माहीत असताना. दोघांना एकमेकांशी बोलायला लाव, तो तुझा हक्क आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेव. हायपोमेनियात, म्हणजे मूड जास्तच वर गेलेला असताना, एकदम धीर येतो. मग रात्री दोन वाजता वडिलांना फोन, चाळीस मेसेज, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर. बोललेलं खोटं नसतं गं, पण ते निस्तरताना पुढचा डिप्रेशनचा फेरा ठरलेला. वडिलांशी कधी बोलायचंच असेल तर स्थिर असताना ठरव, कागदावर लिहून ठेव, महिन्याभरानं परत वाच आणि तेव्हाही तेच वाटलं तर बोल. नाही बोलावंसं वाटलं तरी चालतं. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

रेझिलियन्स म्हणजे काय ते मला पुस्तकातलं माहीत नाही. वॉर्डातनं घरी गेलेली आणि परत फारशी न आलेली जी माणसं मी बघितली त्यांच्यात हळवी होती, चिडकी होती, सगळीच होती. त्यांचं एकच जमलेलं असायचं, उठायची-झोपायची वेळ ठरलेली आणि खाली जायला लागलं की पहिल्या आठवड्यात कळवायची सवय. बायपोलरसाठी तर रोजच्या वेळा सांभाळायची वेगळी थेरपीच आहे, तुझ्या बाईंना विचार. कंटाळवाणं वाटेल पण ज्या घरात उद्या काय होईल याचा भरवसा नसायचा त्या घरातनं आलेल्या माणसाला ठरलेली वेळ फार आधार देते बघ.

आणि एक विचारतेच. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत जातंय का सध्या? तसं असेल तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, आजच डॉक्टरला कळव आणि घरात एका माणसाला सांग, रात्री एकटी राहू नकोस. लिथियम स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव वरचं आहे. आणि त्याची रक्ततपासणी कधी झाली शेवटची तेही बघ, दोन महिने खाली आहेस तर लेव्हल बघायलाच हवी.

---

निळी_शाई

सगळ्यांचं वाचलं. दोन-तीनदा वाचलं.

रात्रपाळी काकू, नाही, तिथपर्यंत जात नाहीये, सकाळी कशाला उठायचं एवढंच असतं. पण तुम्ही विचारलंत ते बरं वाटलं, सरळ कुणी विचारत नाही. डॉक्टरांना परवा फोन केला. लेव्हल पाच महिन्यांत बघितलीच नव्हती, काल रक्त देऊन आले.

मुक्कामपोस्ट, तुमची ती खुर्ची डोक्यातून जात नाहीये. मी पण शोधत बसले आपली कुठली. अजून सापडली नाही. शोधतेय.

दुसरा_भाऊ, तुमचं वाचून एक दिवस तसाच गेला. मग भावाला फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग मी विचारलं की तुला आठवतं का रे, बाबांचं चालू झालं की तू पाढे म्हणत बसायचास, तुला भीती नाही वाटायची? तो गप्पच झाला. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, 'ताई, पाढे तूच म्हणायला लावायचीस. तू म्हणायचीस मोठ्यानं म्हण, मला बाहेर ऐकू आला पाहिजे, चुकला तर पहिल्यापासून.'

मला हे अजिबात, अजिबात आठवत नाही. अजूनही आठवत नाहीये. बाहेर मी होते एवढंच आठवतं आणि आतून त्याचा आवाज यायचा ते.

तो म्हणाला की अजूनही लिफ्टमध्ये अडकला किंवा मुलीला ताप आला की मनात तेराचा पाढा सुरू होतो. मुलीला कधी शिकवला नाही म्हणाला तो, बाकीचे सगळे शिकवले. मग आम्ही दोघंही काय बोलावं ते न कळून बराच वेळ फोन धरून होतो. पुढच्या रविवारी येतोय तो, एकटाच.

गुरुवारी सेशन आहे. बाईंना आधीच मेसेज करून सांगितलं की सध्या मागचं काढायला नको, आधी झोपेचं बघूया. त्या म्हणाल्या मी पण तेच सुचवणार होते. तो रेझिलियन्सचा फॉर्म मूड वर आल्यावर परत भरूया म्हणाल्या. आणि पाढ्यांचं मी त्यांना लिहून पाठवलं तर त्यांनी विचारलं, हे फाइलमध्ये ठेवू का. ठेवा म्हटलं.